जोडतास

सकाळी ७.१०. प्रार्थना सुरू व्हायच्या आत मी ग्रंथालयाचं कुलूप काढते. आज नववी 'ब'चा जोडतास आहे, इतिहासाचे सर आणि मी मिळून घेणार. मागच्या वर्षीपर्यंत सर विषय द्यायचे, मुलं येऊन "मॅडम, पानशेतवर काहीतरी द्या ना" म्हणायची. मी पुस्तक काढून द्यायचे, मुलं उतारा उतरवायची, सर गुण द्यायचे. त्याला आम्ही प्रकल्प म्हणत होतो, याचं मला वाईट वाटतं.

७.४०. मराठी विश्वकोशाचे खंड, पुणे जिल्ह्याचा नकाशा, कात्रणांची फाइल टेबलावर मांडते. नववीच्या इतिहासाचा पहिलाच धडा 'इतिहासाची साधने' आहे. साधनं हाताळल्याशिवाय तो कळायचा कसा?

८.२०. सर पुस्तकांना हात लावू देत नाहीत. आधी प्रश्न. 'पानशेतचा पूर' हा प्रश्न नव्हे, हे पटायलाच वीस मिनिटं जातात. मग एका गटात वाद पेटतो. १२ जुलै १९६१ला फुटलं ते धरण कोणतं? एकीच्या वहीत पानशेत, दुसरीच्या वहीत खडकवासला. "तुझं चुकलंय!" "तुझंच!" सर उत्तर देत नाहीत, माझ्याकडे बघतात. मी नकाशा पसरते. वर आंबी नदीवर पानशेत, खाली मुठेवर खडकवासला. दोघी नदीवरून बोट खाली आणतात आणि खडकवासल्याशी थबकतात. वरचं फुटलं, त्या लोंढ्यानं त्याच दिवशी खालचंही फुटलं. दोन्ही वह्यांत खरंच होतं, पण अर्धं. आता सर सांगतात, आदल्या रात्री पानशेतच्या बांधावर जवान वाळूची पोती कशी रचत होते. एरवी घड्याळाकडे बघणारी मुलं हलत नाहीत.

११.००. सुट्टीत दोघं वह्या तपासतो. मजकूर बरोबर आहे का, ते सर बघतात. कुठून घेतला, कोणत्या तारखेचा, स्वतःच्या शब्दांत आहे का, ते मी. तीन वह्यांत आधार म्हणून नुसतं 'गूगल'. परत देतो.

१२.३०. शाळा सुटते. देवघेवीच्या नोंदी करत असताना एक मुलगा दारात घुटमळतो. "मॅडम, आजीनं सांगितलेलं आधार म्हणून चालेल?"

चालेल. तिचं नाव, तेव्हाचं वय, राहायचं ठिकाण आणि तू कधी विचारलंस, तेवढं लिही.

त्या पुरात दहा वर्षांची असलेली मुलं आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. तुम्ही त्यांतले असाल, तर जवळच्या शाळेत जा आणि मुलांना तासभर द्या.