शून्य उष्मांकाचें पेय : शून्य कितपत खरें ?

शीतपेयांच्या बाटल्यांवर व डब्यांवर ‘झीरो कॅलरी’ हीं अक्षरें हल्लीं सर्रास आढळतात. घरांत एखादें माणूस मधुमेही असलें, किंवा कोणास वजन उतरविण्याची निकड असली, म्हणजे असा डबा आवर्जून आणला जातो. आणि मग हें शून्य खरेंच शून्य, कीं नुसती विक्रेत्यांची भाषा, असा वाद जेवणाच्या पंक्तींत निघतो. त्याचा निवाडा साध्या त्रैराशिकानें करतां येतो.

प्रथम परिमाण पाहूं. एक किलोग्रॅम पाण्याचें उष्णतामान एक अंश सेल्सिअसनें वाढविण्यास जितकी उष्णता लागते, तितकीस आहारशास्त्रांत एक कॅलरी किंवा उष्मांक म्हणतात. वेष्टनावर तिलाच ‘किलोकॅलरी’ असें लिहितात. एक ग्रॅम साखरेपासून शरीरास सुमारें ४ उष्मांक मिळतात. साध्या कोला पेयाच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यांत सुमारें ३५ ग्रॅम साखर असते. म्हणजे डब्यागणिक १४० उष्मांक पोटांत जातात.

‘झीरो’ डब्यांत साखरेऐवजीं पुष्कळदां ॲस्पार्टेम हें द्रव्य असतें. अमेरिकेंत १९६५ सालीं जेम्स श्लॅटर हे रसायनशास्त्रज्ञ एका औषधासंबंधीं काम करीत असतां, कागद उचलण्यासाठीं त्यांनीं बोट जिभेला लावलें आणि तें गोड लागलें. या गोडीचा शोध असा अकस्मात् लागला. मौज अशी कीं, समान वजन घेतल्यास ॲस्पार्टेममध्यें साखरेइतकेच उष्मांक आहेत. परंतु त्याची गोडी साखरेच्या सुमारें २०० पट असल्यामुळें एका डब्यास ग्रॅमचा पांचवा हिस्साच पुरतो, आणि तेवढ्याचा एक उष्मांकही भरत नाहीं. काटेकोर बोलावयाचें तर हें शून्य नव्हे. परंतु १४० च्या मानानें तें नगण्य खरेंच.

मग शून्य छापण्याची मुभा कशी मिळते ? ती नियमानें मिळते. भारतीय अन्न सुरक्षा व मानकें प्राधिकरणाच्या २०१८ सालच्या नियमांप्रमाणें १०० मिलिलिटर पेयांत ४ पर्यंत उष्मांक असले तरी तें ‘उष्मांकरहित’ म्हणवितां येतें. युरोपांतील मर्यादाही हीच आहे. अमेरिकेंत एका वेळच्या प्रमाणांत ५ पेक्षां कमी असले म्हणजे झालें. न्यायशास्त्रांत ज्यास अत्यंताभाव म्हणतात, तो येथें अभिप्रेत नाहीं. हें व्यवहारांतलें शून्य आहे. आपल्या नियमानें ३३० मिलिलिटरच्या डब्यांत १३ उष्मांक असूनही तो शून्याचा मान मिरवूं शकेल.

दुसरें द्रव्य सुक्रालोज. तें १९७६ सालीं लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजांत सांपडलें. ‘परीक्षा कर’ या अर्थाचा इंग्रजी शब्द शशिकांत फडणीस या तरुण संशोधकास ‘चव घे’ असा ऐकूं आला, आणि त्यांनीं पदार्थ सरळ जिभेवर ठेवला ! हें द्रव्य साखरेच्या सुमारें ६०० पट गोड असून त्याचा बहुतेक भाग न पचतां शरीराबाहेर जातो. म्हणून हें शून्य अधिक खरें. मात्र चहांत घालावयाच्या त्याच्या कांहीं पुड्यांत भर म्हणून डेक्स्ट्रोज असतें, व त्यामुळें पुडीमागें सुमारें ३ उष्मांक येतात.

तेव्हां एका उष्मांकाचा कीस काढण्यांत अर्थ नाहीं. खरा घोटाळा होतो तो अन्यत्र. ‘नो ॲडेड शुगर’ आणि ‘झीरो कॅलरी’ हीं दोन वचनें एक नव्हेत. संत्र्याच्या निव्वळ रसांत वरून साखर घातलेली नसते, तरी फळाची स्वतःची असते. २५० मिलिलिटरच्या पेल्यांत ती सुमारें २० ग्रॅम भरते. कार्यप्रसंगीं मधुमेही वडीलधाऱ्यांपुढें प्रेमानें असा पेला ठेवण्यापूर्वीं वेष्टनामागील साखरेचा आंकडा वाचून घ्यावा.

याच्या उलट चूक त्याहूनही घातक. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या रक्तांतील साखर एकाएकीं उतरली, हातपाय कांपूं लागले, दरदरून घाम सुटला, अशा वेळीं घाईनें ‘झीरो’ पेय पाजल्यास कांहींएक उपयोग होत नाहीं. त्या वेळीं खरी साखरच हवी. माणूस शुद्धीवर असून त्यास गिळतां येत असेल, तर चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहींही न ओततां तत्काळ वैद्यकीय मदत आणावी. दोन्ही प्रकारचे डबे दिसण्यांत सारखे असतात, म्हणून घरांतील लहानथोरांस हा भेद सांगून ठेवावा.

राहतां राहिला वजनाचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं असा सल्ला दिला कीं, वजन आटोक्यांत ठेवण्याचें साधन म्हणून अशा गोड द्रव्यांवर भिस्त ठेवूं नये; आधींपासून मधुमेह असलेल्यांस हा सल्ला लागू केलेला नाहीं. आणि ‘झीरो’ प्यालों म्हणून पानांत आणखी एक लाडू वाढून घेतला, तर वांचलेले १४० उष्मांक तेथेंच परत आले. ज्यांस नियमाच्या सवलतीवांचूनचें शून्य हवें, त्यांच्यासाठीं माठांतील थंड पाणी आहेच.