हरितगृहाचा जमाखर्च

कल्याणच्या फूल बाजारात जरबेराच्या दहा-दहा फुलांच्या जुड्या येतात. प्रत्येक फुलाच्या माथ्यावर पातळ प्लॅस्टिकची टोपी चढवलेली असते. ती जुडी उचलताना मला नेहमी वाटते, की हरितगृहाला एकूण किती रक्कम लागली हे शेतकरी बिनचूक सांगतो. पण एका रोपामागे किती पैसे पडले, हा हिशेब क्वचितच त्याच्या वहीत असतो.

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ सालच्या सूचनांत लोखंडी नळ्यांच्या, नैसर्गिक वायुवीजनाच्या हरितगृहाचा ग्राह्य खर्च ५०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच गुंठ्यांपर्यंत, चौरस मीटरला १०६० रुपये धरला होता. तोच जवळजवळ एकरभर क्षेत्राला, ४००० चौरस मीटरला, ८४४ रुपये. भाव त्यानंतर चढले आहेत, तथापि या आकड्यांतील बोध शिळा झालेला नाही. चौरस मीटरला जरबेराची सहा रोपे धरली, तर लहान घरात ३००० रोपे बसून सांगाड्याचा बोजा प्रत्येकी सुमारे १७७ रुपये पडतो, आणि मोठ्या घरात २४,००० रोपांवर तो १४१ वर उतरतो. मोठे घर स्वस्त, असा निष्कर्ष काढून मुरबाड-शहापूरकडचा माणूस ५ लाख ३० हजारांऐवजी ३३ लाख ७६ हजारांच्या जोखमीस उभा राहतो. त्यातच अनुदान मंजूर असले, तरी पूर्वसंमतीनंतर काम पुरे होऊन मोका तपासणी झाल्याखेरीज ते हाती पडत नसल्याने, तोवरचा सगळा पैसा त्याला स्वतःच उभा करावा लागतो.

आता आपल्याकडचा पाऊस पाहा. लाल माती, शेणखत आणि भाताचे तूस कालवून भरलेला उंच वाफा बोटाने उकरला, तर आषाढात आतून ओलसर, जड वास येतो. निचरा थोडा चुकला, की मुळकूज सुरू होऊन रोपे मानेशी काळवंडतात. २४,००० पैकी एक पंचमांश रोपे अशी गेली, तर उरलेल्या १९,२०० रोपांवर तोच बोजा सुमारे १७६ रुपये होतो! मोठ्या क्षेत्राने मिळवलेली सारी काटकसर एका पावसाळ्यात धुऊन जाते. म्हणून खर्च लावलेल्या रोपांवर न वाटता, विकता येण्याजोगी फुले देणाऱ्या रोपांवरच वाटावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. २०२० च्या टाळेबंदीत देवळे बंद होती, लग्नेही थांबली होती. तेव्हा तर निरोगी रोपांची फुलेसुद्धा गिऱ्हाइकाअभावी वाया गेली.

एकूण रकमेची मर्यादा यावरूनच ठरावी: एक हंगाम पुरता बुडाला, तरी मजुरी, खत, औषधे आणि साधारण तीन वर्षांनी बदलावा लागणारा प्लॅस्टिकचा कागद यांसाठी खेळते भांडवल शिल्लक राहिले पाहिजे. पहिले पाच गुंठे उभारताना एका बाजूचे खांब आणि पन्हळ अशा बेताने ठेवावेत, की दोन पावसाळ्यांचा जमाखर्च पाहून त्यांनाच जोडून पुढचे छप्पर उभारता येईल.