काळा कोंबडा आणि खरा कोंबडा: कडकनाथच्या कळपात नर कसा निवडावा

आजचा विषय दिसायला छोटा आहे. तुमच्याकडे शुद्ध कडकनाथचा कळप आहे, यंदा शंभरेक पिल्लं जगली, त्यातले साधारण निम्मे नर निघाले. पुढच्या वर्षासाठी यातले चार-पाचच ठेवायचे आहेत. ते कोणते?

बहुतेक जण काय करतात? शेडमध्ये जातात, जो सगळ्यात उंच, वजनदार, तोऱ्यात फिरणारा दिसेल तो ठेवतात. आम्हीही तेच केलं होतं. आमचा सात-आठ जणांचा गट. सुरुवातीला आम्ही बाहेरून एक नर आणला. कुळकुळीत काळा, जिभेपर्यंत काळा, आणि आमच्या घरच्या नरांपेक्षा चांगलाच दांडगा. सगळ्या कोंबड्यांना तोच लावला. पिल्लं झाली, एकूण एक काळी. आम्ही खूश. शेजारच्या गावांतल्या लोकांना शुद्ध म्हणून पिल्लं विकलीसुद्धा. दुसऱ्या वर्षी त्या पिल्लांचीच आपापसात पैदास झाली आणि काही पिल्लं निघाली पांढरट कातडीची, पुढे लाल तुऱ्याची. मग ज्यांना पिल्लं विकली होती त्यांच्या दारात जाऊन आम्हाला ते सांगावं लागलं. आज जे बोलणार आहोत ते त्या दारांत उभं राहून शिकलेलं आहे.

नरावर एवढा भर कशासाठी?

हिशोब साधा आहे. पिल्लाला अर्धा वारसा आईकडून, अर्धा बापाकडून. पण एक कोंबडी फक्त स्वतःच्या अंड्यांपुरती आई असते. एका नरामागे आपण आठ-दहा कोंबड्या ठेवतो, त्या सगळ्यांच्या पिल्लांचा तो बाप. चुकीची कोंबडी राहिली तर नुकसान तिच्या पिल्लांपुरतं. चुकीचा नर राहिला तर आख्खी पिढी गेली. आणि नर थोडेच लागत असल्यामुळे निवड कडक करायची मुभाही तिथेच असते. कोंबड्या दहातल्या पाच-सहा ठेवाव्या लागतात, नर दहातला एकच ठेवायचा असतो.

काळा रंग कसा फसवतो?

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर, धार या भागातला. भिल्ल आणि भिलाला समाजाने सांभाळलेला. तिकडे त्याला कालामासी म्हणतात. 2018 साली झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळालं. पिसांवरून त्याचे तीन प्रकार धरतात: पूर्ण काळा, पिसांवर पांढऱ्या रेघा असलेला पेन्सिल्ड, आणि सोनेरी झाक असलेला गोल्डन. म्हणजे ओळख पिसांत नाही. ती कातडी, जीभ, पाय, मांस, हाडांवरचं आवरण यांच्या काळेपणात आहे.

हा काळेपणा ज्या जनुकातून येतो तो प्रभावी आहे. प्रभावी म्हणजे काय? आईबापांपैकी एकाकडून जरी आला तरी पिल्लू काळं दिसतं. शुद्ध पक्ष्याकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, संकराकडे एक. पण डोळ्यांनी दोघांत फरक करणं फार अवघड. आमचा तो दांडगा नर एका प्रतीचा होता. आमच्या कोंबड्या शुद्ध, त्यामुळे पहिल्या पिढीत सगळी पिल्लं काळीच येणार होती. पण त्यातल्या साधारण निम्म्यांकडे एकच प्रत. पुढे भावंडांची जोडी लागली की दोघंही एका प्रतीचे असण्याची शक्यता चारात एक, आणि अशा जोडीचं पिल्लू पांढरट निघण्याची शक्यता पुन्हा चारात एक. गुणाकार करा: सोळात एक. दोष एक पिढी लपून राहिला आणि तोपर्यंत माल विकला गेला होता.

यात आणखी एक जनुक आहे. 1911 साली विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट यांनी सिल्की नावाच्या काळ्या कातडीच्या जातीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काळ्या जातीचा नर आणि साध्या कातडीच्या जातीची कोंबडी असा संकर केला की माद्या गडद काळ्या येतात, नर मात्र फिकट. कारण काळेपणा दाबणारा एक जनुक लिंगाशी जोडलेला आहे. मादीला तो फक्त बापाकडून मिळतो, नराला आई आणि बाप दोघांकडून. सिल्की आणि कडकनाथ यांच्या काळेपणाचं मूळ एकच असल्यामुळे हे आपल्यालाही लागू पडतं.

व्यवहारात याचा अर्थ असा. नराचे पाय, तोंड, कातडी फिकट किंवा ठिपक्याठिपक्यांची असेल तर तो बाद. त्यात चर्चा नको. पण नर गडद काळा असेल तर परीक्षा अर्धीच झाली. दाबणारा जनुक त्याच्यात नाही एवढंच कळलं. काळेपणाच्या प्रती एक की दोन, हे कळलेलं नाही. आणि एक सूचना: वयात आलेल्या नराच्या तुऱ्यात रक्तामुळे जांभळट झाक येते. तो दोष नाही, त्यावरून बाद करू नका.

मग खात्री कशी करायची?

घरच्या नराची वंशावळ वहीत असेल आणि दोन-तीन पिढ्यांत एकही पांढरट पिल्लू निघालं नसेल तर बऱ्यापैकी निर्धास्त राहा. बाहेरून आणलेल्या नराला मात्र चाचणी लावा. साधी गावठी कोंबडी घ्या, कातडी पांढरी पण पाय निळसर-करडे असलेली. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांची नको, कारण तिच्यात तो दाबणारा जनुक असू शकतो आणि सगळा निकाल गढूळ होतो. या कोंबडीला फक्त तोच नर लावा आणि आठ-दहा पिल्लं काढा. नर दोन प्रतींचा असेल तर सगळी पिल्लं काळ्या कातडीची येतील. एका प्रतीचा असेल तर साधारण निम्मी पांढरट. एकही पांढरट पिल्लू निघालं की नर बाद, पुढे मोजायची गरज नाही. आठच्या आठ काळी निघाली तर तो संकर असूनही आपल्याला फसवतोय, याची शक्यता 256 मध्ये एक उरते. तेवढी जोखीम चालते.

दोन पथ्यं. कोंबडीच्या शरीरात आधीच्या नराचं वीर्य दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून नर बदलल्यावर तीन आठवडे थांबून मगच अंडी गोळा करा. आणि चाचणीची पिल्लं खायला ठेवा, कळपात मिसळू नका. ती दिसायला काळी असली तरी संकरच आहेत.

कोणत्या वयात काय बघायचं?

एक दिवसाच्या पिल्लावरून नर निवडता येत नाही. तिथे फक्त पायात खूण अडकवा: कोणत्या कोंबडीचं, कोणत्या तारखेचं. आठ आठवड्यांना पहिली चाळण. वाकडी चोच, वाकडी बोटं, एका बाजूला कललेली शेपटी, खुरटलेली वाढ, असे बाजूला काढा. विसाव्या आठवड्याला दुसरी चाळण, आणि शेवटचा निर्णय सहा-सात महिन्यांनी. कडकनाथ सावकाश वयात येतो. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने दिलेल्या आकड्यांत वयात येण्याचं सरासरी वय 180 दिवस आहे आणि विसाव्या आठवड्याचं वजन 920 ग्रॅम.

हा वजनाचा आकडा लक्षात ठेवा. एकाच तारखेला जन्मलेल्या, एकच खाद्य खाल्लेल्या भावंडांची आपसात तुलना करा. त्यात वरच्या गटातले नर ठेवायचे हे बरोबर. पण भावंडं किलोभर असताना एखादाच दीड-पावणेदोन किलो भरत असेल तर आनंदाआधी संशय येऊ द्या. वजन वाढवायचंच असेल तर ते पिढ्यापिढ्यांनी हळूहळू वाढतं. एका उडीत वाढलेलं वजन बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचं रक्त असतं. आमचा दांडगा नर आठवा.

हातात घेऊन तपासा

संध्याकाळी कोंबड्या दांडीवर बसल्या की नर सहज हाती लागतो. डोळे स्वच्छ आणि तेजदार आहेत का? श्वासात घरघर आहे का? छातीचं हाड बोटाने चाचपा, सरळ पाहिजे. वाकडं असेल तर ठेवू नका. पाय मजबूत, समांतर, गुडघे एकमेकांना न घासणारे. पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी उवा-गोचीड बघा. भावंडांपेक्षा एखाद्यावरच फार असतील तर तेही वहीत लिहा. तुरा एकपदरी आणि सरळ असावा.

मग दुरून बघा. चांगला नर दाणा दिसला की बारीक आवाज काढून कोंबड्यांना बोलावतो, स्वतः आधी खात नाही. माणसाच्या अंगावर धावणारा नर ठेवू नका, तो स्वभाव पोरांत उतरतो. आणि सगळ्यांना मारून हाकलणारा दादा तोच सर्वांत फलदायी, असं समजू नका. कधी कधी तो दुसऱ्यांना जवळ येऊ देत नाही आणि स्वतःची अंडीही पोकळ जातात.

नर अंडी देत नाही, मग त्याचं मोजमाप काय?

इथे आई आणि बहिणी बघाव्या लागतात. वर त्याच संस्थेचा उल्लेख केला, तिच्या आकड्यांत कडकनाथ वर्षाला सरासरी 105 अंडी देतो आणि फलित अंड्यांचं प्रमाण जेमतेम 55 टक्के आहे. म्हणजे या जातीत सुधारणेला सगळ्यात मोठी जागा कुठे आहे ते कळलं. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडी बघा. शिरांचं जाळं दिसलं तर फलित, नितळ दिसलं तर पोकळ. प्रत्येक नराच्या खणाचा आकडा वेगळा लिहा. ज्याच्या खणात वारंवार पोकळ अंडी जास्त, तो कितीही देखणा असो, जाऊ द्या. जास्त अंडी देणाऱ्या आईचा, ज्याच्या बहिणीही चांगल्या निघाल्या असा साधा दिसणारा मुलगा, हा शेडमधल्या राजापेक्षा बरा.

रोगाचीही एक गोष्ट. पांढरी हगवण आईच्या अंड्यातून पिल्लात उतरते. पैदाशीच्या पक्ष्यांची रक्ततपासणी पशुवैद्यकाकडून करून घ्या. बाहेरचा नर किमान तीन-चार आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय कळपात सोडू नका.

एकच उत्तम नर का चालत नाही?

हे ऐकून कुणी म्हणेल, ठीक आहे, सगळ्या परीक्षा पास झालेला एक नर ठेवतो. नाही. चाळीस कोंबड्या आणि एक नर असा कळप असेल तर वंशाच्या दृष्टीने तो कळप जेमतेम चार पक्ष्यांचा असतो. सूत्र सोपं आहे: नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले एकूण पक्षी. 160 भागिले 41, म्हणजे 3.9. अशा कळपात एका पिढीत नात्यातली पैदास जवळजवळ 13 टक्क्यांनी वाढते. सावत्र भावंडांची जोडी लावल्यासारखंच झालं. त्याच चाळीस कोंबड्यांना चार नर ठेवा. 640 भागिले 44, साडेचौदा पक्षी, आणि वाढ साडेतीन टक्क्यांच्या आत. फक्त तीन नर जास्त पोसून एवढा फरक. नाहीतर चार-पाच पिढ्यांत अंडी पोकळ जातात, पिल्लं मरतात, आणि आपण खाद्याला नाहीतर हवेला दोष देतो.

पद्धत अशी. कळपाचे तीन-चार खण करा. माद्या आपल्या आईच्या खणात राहतील. नर मात्र दर वर्षी पुढच्या खणात जाईल. पहिल्याचा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, शेवटच्याचा पहिल्यात. प्रत्येक खणातून निदान एक नर निवडायचाच, मग तो बाकीच्यांपेक्षा थोडा कमी दिसला तरी. खण कमी असतील तर शेजारच्या पाळणाऱ्याशी नरांची अदलाबदल करा, पण आधी चाचणी लावा.

शेवटचं. जे नर निवडीत बसले नाहीत ते मांसासाठी विका, तेही चांगले पैसे देतात. पैदाशीसाठी म्हणून विकू नका. घेणारा माणूस तुमच्या शब्दावर घेतो, कारण काळेपणा त्यालाही तुमच्याइतकाच फसवतो. झाबुआकडच्या घरांनी लिहिलेल्या वहीशिवाय ही जात पिढ्यानपिढ्या राखली. आपल्याकडे वही आहे, टॉर्च आहे, वजनकाटा आहे. यंदा नर निवडाल तेव्हा प्रत्येकाच्या नावापुढे पाच गोष्टी लिहा: आई कोण, जन्मतारीख, विसाव्या आठवड्याचं वजन, खणातली फलित अंडी, आणि पोरांत पांढरट किती. या पाच रकान्यांनंतरही जो उरला, तो ठेवा.

आता प्रश्न घेऊ या.