दूरचित्रवाणीचा अंकप्रवाह आणि संगणक

आषाढांतील पावसाची मोठी सर येते, आणि बातम्या सांगणाऱ्या निवेदिकेचा चेहरा अकस्मात् चौकोनी तुकड्यांत फुटतो. ओठ जागच्या जागीं थिजतात, आवाज तुटतो, आणि क्षणभरानें पडदा काळा होतो. घरांतील मंडळी प्रथम आकाशाकडे, मग गच्चीवरील तबकडीकडे आणि शेवटीं दुरुस्तीवाल्याच्या वाटेकडे पाहतात. दुरुस्तीवाला येतो, पेटीच बदलावी लागेल असें सांगतो, आणि गृहस्थ निमूटपणें पैसे मोजतो. पेटी खरोखर बिघडली होती कीं नाहीं, हें ठरविण्याचें साधन आपल्याजवळ नाहीं, अशी त्याची समजूत असते. ही समजूत आतां खरी राहिलेली नाहीं. टेबलावरचा साधा संगणक, एक लहानसें ग्राहक-यंत्र आणि योग्य आज्ञावली, जिला सर्रास सॉफ्टवेअर म्हणतात, एवढें जवळ असलें म्हणजे आकाशांतून काय आलें आणि वाटेंत काय हरवलें, ह्याचा चोख हिशेब कोणाही जिज्ञासूस मांडतां येतो.

जुन्या पद्धतीच्या दूरचित्रवाणींत बिघाड डोळ्यांना दिसे. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, त्या काळीं चित्रांतील उजेड-अंधार लहरींच्या चढउतारांत जसाच्या तसा उमटविलेला असे. लहर क्षीण झाली कीं पडद्यावर पांढरे ठिपके भुरभुरत, आकृतींना दुहेरी सावल्या येत. पण चित्र ओळखूं येई. गच्चीवर अँटेना फिरविणारा मुलगा "आतां दिसतें का?" म्हणून ओरडे, आणि खालून मिळणाऱ्या उत्तरावर सारी दुरुस्ती होई. अंकीय पद्धतींत असा क्रमाक्रमानें होणारा ऱ्हास नाहीं. एका मर्यादेपर्यंत चित्र अगदीं निर्मळ असतें, आणि ती ओलांडतांच तें एकदम कोसळतें. म्हणून चित्र चांगलें दिसतें, एवढ्यावरून लहर भरपूर आहे असा निष्कर्ष काढणें धोक्याचें होय. कड्याच्या टोकावर उभा असलेला मनुष्यही पडेपर्यंत सरळच उभा दिसतो.

ह्याचें कारण कळण्यास हवेंतून नेमकें काय येतें तें पाहिलें पाहिजे. नेहमींच्या साध्या चित्रांत रुंदीला ७२० व उंचीला ५७६ ठिपके, म्हणजे एकंदर ४,१४,७२० ठिपके असतात. सेकंदास २५ चित्रें धरलीं तर दर सेकंदाला १,०३,६८,००० ठिपक्यांचें वर्णन पाठवावें लागेल. एवढा पसारा जसाच्या तसा लहरींवर लादणें परवडणारें नाहीं. म्हणून एक युक्ति योजिली आहे. निवेदिकेच्या मागची भिंत हलत नाहीं. मग ती पुनःपुन्हा कशाला पाठवावयाची? पूर्ण चित्र अधूनमधून, साधारणतः अर्ध्या-एक सेकंदानें, पाठवितात. मधल्या चित्रांत मागच्या-पुढच्या चित्रांहून जो फरक पडला तेवढाच कळवितात. शिवाय चित्राचे १६ ठिपके लांब व १६ ठिपके रुंद असे चौकोन पाडून प्रत्येकाचें वर्णन निरनिराळें करतात. त्यामुळें मधला मजकूर गहाळ झाला कीं चेहऱ्याचे चौकोन होतात, आणि पुढचें पूर्ण चित्र येईपर्यंत ती विटंबना पडद्यावर टिकून राहते.

असा आटविलेला मजकूर १८८ बाइटांच्या सारख्या पाकिटांत भरला जातो. बाइट म्हणजे आठ शून्य-एकांचा गट. १८८ हाच आंकडा कां, असा प्रश्न सहज मनांत येतो. ही रचना १९९० नंतरच्या दशकांत ठरत असतांना दूरध्वनीच्या जाळ्यासाठीं एक नवी वाहतूक-पद्धति पुढें येत होती; तिच्या लहान पाकिटांत ४७ बाइटांचा मजकूर सोयीनें मावे. ४७ ची चौपट म्हणजे १८८. ती वाहतूक-पद्धति पुढें मागें पडली, आंकडा मात्र कायम राहिला. प्रत्येक पाकिटाचे पहिले चार बाइट म्हणजे त्यावरील पत्ता होय. त्यांतला पहिला बाइट नेहमीं ७१ ह्या संख्येचा असतो. त्यावरून पाकीट कोठें सुरू झालें तें यंत्र ओळखतें. पुढें ० पासून ८१९१ पर्यंतचा एक क्रमांक असतो. एका वाहिनीच्या चित्राचा क्रमांक निराळा, आवाजाचा निराळा. त्याशिवाय पाकीट वाटेंत नासलें असल्यास तसें सांगणारी एक खूण, मजकुरास कुलूप घातलें असल्यास दुसरी खूण, आणि ० ते १५ असा पुनःपुन्हा फिरणारा एक हजेरीचा आंकडा असतो. ४ च्या मागोमाग ६ आला तर ५ क्रमांकाचें पाकीट गैरहजर, हें वर्गांतल्या मुलालाही कळेल.

सेकंदाला तीन कोटी बिटांचा प्रवाह धरला तर दर सेकंदास अशीं सुमारें २०,००० पाकिटें येतात, आणि त्यांत अनेक वाहिन्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या काढण्याची किल्ली प्रवाहांतच ठेवलेली असते. ० क्रमांकाच्या पाकिटांत सर्व कार्यक्रमांची यादी असते. ती यादी प्रत्येक कार्यक्रमाच्या स्वतंत्र तक्त्याचा क्रमांक सांगते, आणि तो तक्ता त्या कार्यक्रमाच्या चित्राचे व आवाजाचे क्रमांक सांगतो. युरोपीय पद्धतींत, जी भारतानेंही स्वीकारली आहे, १७ क्रमांकावर वाहिन्यांचीं नांवें, १८ वर कार्यक्रमांचें वेळापत्रक आणि २० वर तारीख व वेळ मिळते. ८१९१ क्रमांकाचीं पाकिटें पोकळ असतात. प्रवाहाचा वेग सारखा राहावा म्हणून तीं मधून मधून घातलेलीं असतात.

आतां चित्र एकदम कां कोसळतें, ह्याचा उलगडा होतो. उपग्रहाच्या मूळच्या अंकीय पद्धतींत प्रत्येक १८८ बाइटांमागें १६ बाइट जादा पाठवितात. ह्या जादा बाइटांच्या गणितावरून पाकिटांतील आठ बाइटांपर्यंतच्या चुका ग्राहक-यंत्र स्वतःच शोधून सुधारतें. आठ चुका झाल्या तरी पाकीट शंभर टक्के निर्दोष होऊन बाहेर पडतें. नववी झाली कीं तें नापास. नव्या पद्धतींतील गणित ह्याहून बलवान आहे, पण त्याचा कडाही तितकाच उभा आहे.

संगणकानें हा प्रवाह घ्यावयाचा कसा? उपग्रहाकडून घरगुती तबकडीवर येणाऱ्या लहरींचीं कंपनें सेकंदास सुमारें ११ ते १२ अब्ज असतात. तबकडीच्या तोंडाशीं बसविलेली डबी तीं ९५ कोटी ते २१५ कोटींच्या पट्ट्यांत उतरवून तारेनें खालीं पाठविते. ती तार संगणकास जोडलेल्या ग्राहक-यंत्रांत घातली, म्हणजे तें यंत्र लहरींतून पाकिटें सोडवून संगणकाच्या स्वाधीन करतें. येथून पुढचें सर्व काम आज्ञावलीचें. दूरदर्शनची निःशुल्क उपग्रह-सेवा डिसेंबर २००४ मध्यें सुरू झाली, आणि ती आतां डीडी फ्री डिश ह्या नांवानें ओळखली जाते. तिच्यावरील पुष्कळ वाहिन्यांना कुलूप नसल्यामुळें अभ्यासास ती सोयीची आहे.

ह्या मार्गावरील एक जुना प्रयत्न मोठा मनोरंजक आहे. पॅरिसजवळील एकोल सांत्राल ह्या अभियांत्रिकी विद्यालयांतील विद्यार्थ्यांना आपल्या वसतिगृहाचें संगणक-जाळें वेगवान करून हवें होतें. नुसत्या हौसेसाठीं पैसे कोण देणार? तेव्हां १९९६ च्या सुमारास त्यांनीं उपग्रहाची दूरचित्रवाणी जाळ्यावरून प्रत्येकाच्या संगणकापर्यंत पोंचविण्याचा घाट घातला. प्रत्येक खोलीसाठीं स्वतंत्र तबकडी व महागडी पेटी घेण्याऐवजीं एकच तबकडी आणि बाकीचें सारें आज्ञावलीवर, अशी ती कल्पना होती. तींतून निघालेली व्हीएलसी ही आज्ञावली १ फेब्रुवारी २००१ रोजीं सर्वांना मुक्तपणें वापरण्यास व सुधारण्यास खुली झाली. आज ज्या घरांत संगणकावर सिनेमा पाहतात, त्यांतील कित्येकांत ती असते; पण तिचा जन्म अंकप्रवाह झेलण्यासाठीं झाला, हें थोड्यांनाच ठाऊक असतें.

चित्र दाखविणें निराळें आणि प्रवाहाची परीक्षा करणें निराळें. परीक्षेसाठीं टीएसडक ही दुसरी मुक्त आज्ञावली फार उपयोगी पडते. ती प्रत्येक पाकीट मोजते, यादी व तक्ते वाचते, कोणत्या क्रमांकास किती जागा मिळाली तें सांगते, आणि हजेरींतील खाडे लिहून ठेवते. रात्रभर असा प्रवाह नोंदवून ठेवला, म्हणजे सकाळीं रोगनिदान करतां येतें. एकाच गटांतील सर्व वाहिन्या एकदम फुटत असतील, नासल्याच्या खुणा वाढत असतील आणि त्याच वेळीं ग्राहक-यंत्र लहरीचें बळ घटल्याचें दाखवीत असेल, तर दोष वाटेंत आहे: पाऊस, हललेली तबकडी किंवा पाणी शिरलेला तारेचा जोड. पावसाची सर ओसरतांच आंकडे पूर्ववत् झाले तर पावसास जबाबदार धरावें. ऊन पडल्यावरही ते तसेच राहिले तर जोड उघडून पाहावा. याच्या उलट हजेरी पूर्ण, नासल्याची खूण नाहीं, लहर बळकट, आणि तरीही एकाच वाहिनीचें चित्र तुटतें, तर तो दोष पाठविणाऱ्याच्या घरचा समजावा. लहर बळकट असतांना व नासल्याची खूण नसतांना सर्वच वाहिन्यांच्या हजेरींत खाडे पडत असतील, तर बहुधा संगणकच पाकिटें झेलण्यांत मागें पडत आहे.

आणखी एक प्रकार पुष्कळांना चकवितो. उपग्रहाच्या कांहीं लहरी उभ्या कंपनांच्या व कांहीं आडव्या कंपनांच्या असतात. त्यांतून निवड करण्यासाठीं ग्राहक-यंत्र त्याच तारेनें डबीस १३ किंवा १८ व्होल्टांचा दाब पुरवितें. तार फार लांब किंवा गंजलेली असली, तर १८ व्होल्ट डबीपर्यंत पुरते पोंचत नाहींत, आणि केवळ आडव्या कंपनांच्या वाहिन्या नाहींशा होतात. यादी पाहून गेलेल्या वाहिन्या एकाच जातीच्या आहेत असें आढळलें, कीं पेटी बदलण्यापूर्वीं तार तपासावी, हें ओघानेंच आलें.

ह्या विद्येला एक मर्यादा आहे, आणि ती पाळली पाहिजे. ज्या पाकिटांवर कुलुपाची खूण आहे, त्यांचा पत्ता वाचतां येतो, हजेरी घेतां येते. आंतला मजकूर वर्गणीदाराचा. ते कुलूप फोडणें हा अभ्यास नव्हे, ती चोरी होय. पण ज्यास कुलूप नाहीं तेंही स्वतःच्या यंत्रानें उकलण्याची मोकळीक सामान्य माणसास असावी कीं नाहीं, असा वाद एका मोठ्या देशांत प्रत्यक्ष उभा राहिला होता. अमेरिकेंत २००१ मध्यें ग्नू रेडिओ ह्या मुक्त आज्ञावलीच्या कामास आरंभ झाला. लहरींतून पाकिटें सोडविण्याचें कामही यंत्राऐवजीं गणितानेंच करावयाचें, ही तिची महत्त्वाकांक्षा होती, आणि अंकीय दूरचित्रवाणी उकलून दाखविणें हें तिच्या पहिल्या कामांपैकीं एक होतें. नोव्हेंबर २००३ मध्यें तेथील दळणवळण आयोगानें असा नियम केला कीं, प्रक्षेपणांत एक विशिष्ट निशाण असल्यास त्या कार्यक्रमाच्या नकलेवर ग्राहक-यंत्रानें बंधन घातलेंच पाहिजे, आणि वापरणाऱ्यास तें बंधन सहज काढतां येऊं नये. १ जुलै २००५ पासून तो अंमलांत यावयाचा होता. जी आज्ञावली कोणासही वाचतां व बदलतां येते, तिला अशा नियमाखालीं जागाच उरली नसती. ग्रंथालयांच्या संघटना व इतर मंडळी न्यायालयांत गेलीं. मे २००५ मध्यें अपील न्यायालयानें निकाल दिला कीं, प्रक्षेपण येऊन पोंचल्यानंतर घरांतील यंत्रानें त्याचें काय करावें, हें ठरविण्याचा अधिकार आयोगास नाहीं. नियम रद्द झाला.

भारतांत ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या एका खटल्यांत, आकाशांतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असें स्पष्ट सांगितलें. मालमत्ता सार्वजनिक आहे हें मान्य केल्यावर तिचा हिशेब वाचतां येणें हेंही नागरिकाच्या शिक्षणाचाच भाग ठरतो. ज्यास सात-बाराचा उतारा वाचतां येत नाहीं, तो दुसरा सांगेल तें ऐकतो. ज्यास पाकिटांची हजेरी वाचतां येत नाहीं, त्याचीही गत तीच.

पुढच्या पावसाळ्यांत निवेदिकेचा चेहरा पुन्हा फुटेल. पण त्या वेळीं घरांतील एखाद्या मुलानें रात्रभराची नोंद काढून ठेवली असली, तर दुरुस्तीवाल्याशीं होणारें बोलणें निराळें होईल. खाडे किती पडले, कोणत्या वेळीं पडले आणि सर थांबल्यावर ते थांबले कीं नाहीं, हें त्याच्यापुढें ठेवतां येईल. प्रामाणिक कारागिरास अशा नोंदीची मदतच होईल, आणि दुसऱ्या प्रकारच्या कारागिरास ती पाहिल्यावर पेटी बदलण्याची घाई राहणार नाहीं.