वास्तुविशारद आणि बांधकाम प्रकल्प

वास्तुविशारद म्हणजे इमारतीची संकल्पना मांडणारी, तिचे आराखडे तयार करणारी आणि बांधकाम त्यांप्रमाणे होते की नाही यावर देखरेख ठेवणारी प्रशिक्षित व्यक्ती होय. भारतात वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी केलेल्या व्यक्तीलाच ही उपाधी वापरता येते.

आराखडा

मालकाच्या गरजा, भूखंडाचा उतार, वाऱ्याची दिशा, रस्त्याची रुंदी आणि चटईक्षेत्र निर्देशांक यांवरून प्राथमिक आराखडा ठरतो. खांब व तुळयांची मापे संरचना अभियंता काढतो. पाणी, वीज व सांडपाण्याचे नकाशे इतर सल्लागार देतात. या सर्वांचा मेळ घालणे हे वास्तुविशारदाचे कदाचित सर्वांत कमी दिसणारे काम आहे. नळाची वाहिनी तुळईला आडवी येते हे कागदावर लक्षात आले, तर रेघ बदलून भागते. स्लॅब पडल्यावर मात्र तोडफोड करावी लागते.

परवानगी व देखरेख

महाराष्ट्रात नियोजन प्राधिकरणाची बांधकाम परवानगी मिळाल्यावर काम सुरू होते. जोत्याची तपासणी महत्त्वाची असते, कारण तेथे चुकलेले सामासिक अंतर वरच्या प्रत्येक मजल्यावर तसेच राहते. दैनंदिन काम कंत्राटदार पाहतो. वास्तुविशारद ठरावीक टप्प्यांवर पाहणी करतो आणि देयके प्रमाणित करतो. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो. अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रांशिवाय विकासकाला तो काढता येत नाही. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र मिळते. ते नसल्यास घरात राहणे नियमबाह्य ठरते आणि त्याची झळ सदनिका घेणाऱ्यांना बसते.

सिडनी ऑपेरा हाउस

आराखडा पूर्ण होण्याआधी बांधकाम सुरू केल्याचे हे प्रसिद्ध उदाहरण आहे. डॅनिश वास्तुविशारद यॉर्न उट्झन यांची संकल्पना १९५७ मध्ये निवडली गेली. छताची भूमिती निश्चित झालेली नसतानाही सरकारच्या आग्रहामुळे १९५९ मध्ये काम सुरू झाले. पुढे छताचा भार पेलण्यास अपुरे ठरलेले खांब पाडून पुन्हा बांधावे लागले. सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज अखेर १० कोटी २० लाखांवर गेला. सरकारशी मतभेद होऊन उट्झन यांनी १९६६ मध्ये राजीनामा दिला आणि उरलेले काम पीटर हॉल व इतरांनी पूर्ण केले. १९७३ मध्ये उद्घाटन झाले. उट्झन ऑस्ट्रेलियाला परतले नाहीत. पूर्ण झालेली इमारत त्यांनी प्रत्यक्ष कधीच पाहिली नाही.