कारचा विमा महागला? घासाघीस नेमकी कुठे करायची
कारच्या विम्याचं रिन्यूअल आलं, की हप्ता पाहूनच अनेकांना घाम फुटतो. या हप्त्याचे दोन भाग असतात. थर्ड पार्टीचा दर केंद्र सरकार ठरवतं. बेळगाव असो वा कोल्हापूर, कंपनी कुठलीही असो, तो सारखाच. फरक पडतो तो ‘ओन डॅमेज’मध्ये. तिथे दोन-तीन कंपन्यांचे दर मागवा, नको असलेले ॲड-ऑन काढा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल, तर याच भागावर ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. कंपनी बदलली तरी तो सोबत येतो. मात्र मुदत संपून ९० दिवस उलटले, की बोनस गेलाच. हप्ता कमी व्हावा म्हणून आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, फार खाली आणू नका. गाडी चोरीला गेली, तर भरपाई त्याच हिशेबानं मिळते.