प्रोस्टेटच्या शेकाला जाताना

डॉक्टरांनी प्रोस्टेटच्या कॅन्सरला शेक, म्हणजे किरणोपचार सांगितले की घरचे पहिल्यांदा विचारतात, ‘भाजतंय काय हो?’ शेक घेताना भाजत नाही, दुखतही नाही. मशिनखाली थोडा वेळ न हलता पडायचे. खरी कसोटी आहे ती पाण्याची.

प्रोस्टेट ग्रंथी लघवीच्या पिशवीखाली आणि शौचाच्या आतड्यापुढे असते. पिशवी भरलेली असली की बारीक आतडी वर सरकतात आणि किरणांपासून वाचतात. पोट साफ असले की ग्रंथी रोज त्याच जागी राहते. म्हणून बहुतेक ठिकाणी आधी लघवी करून, मग ठरलेले पाणी पिऊन थांबायला लावतात. किती पाणी, किती वेळ, हे तिथलेच लोक सांगतात. हे पाणी दवाखान्यात पोहोचल्यावर प्यायचे. कागलच्या स्टँडवरच बाटली रिकामी केली तर एसटीत काय हाल होतील, सांगायला नको! लघवी आवरली नाही तर लाजू नका, सांगा. पुन्हा पाणी पिऊन थांबता येते.

सुरुवातीच्या सीटी स्कॅनवेळी कमरेवर खुणा करतात. शाईच्या असल्या तर घासू नयेत. शेक साधारण आठवड्याला पाच दिवस, बहुधा चार ते आठ आठवडे चालतात. ऊसतोड आली म्हणून मधला दिवस बुडवायचा नाही.

कोल्हापूर रस्त्यावर गोकुळ शिरगावलाही ही सोय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हे उपचार बसतात, मात्र रेशनकार्ड आणि आधारवरचे नाव जुळले पाहिजे. ग्रामपंचायतीच्या मंडळींनी तेवढे आधीच बघून दिले तर पेशंटचे हेलपाटे वाचतील.